ई-मेल पत्त्याचा माग : साधने आणि मर्यादा

१ डिसेंबर २०२३ रोजी बंगळुरू आणि परिसरातील ६०हून अधिक शाळांना बॉम्बस्फोटाची धमकी देणारे ई-मेल आले. झडतीत स्फोटके आढळली नाहीत. मात्र मुलांना तातडीने बाहेर काढावे लागले. अशा प्रकरणात प्रारंभी हाती असतो तो केवळ एक पत्ता.

सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवरून या पत्त्याचा माग काढणारी अनेक साधने उपलब्ध आहेत. ‘होलेही’ हा पायथॉन भाषेतील मुक्त प्रोग्राम, तो पत्ता शंभराहून अधिक संकेतस्थळांपैकी कोठे नोंदलेला आहे, हे तपासतो. त्यासाठी तो पासवर्ड विसरल्यास मिळणाऱ्या सुविधेचाही उपयोग करतो. ‘द हार्वेस्टर’ एखाद्या संस्थेच्या डोमेनवरील पत्ते गोळा करतो. ट्रॉय हंट यांनी २०१३मध्ये सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा, पत्ता कोणत्या माहितीगळतीत सापडला, ते सांगते.

ही साधने खाते दाखवतात, माणूस नव्हे. धमकीपुरताच उघडलेला नवा पत्ता तर जवळपास मुकाच असतो. मग सेवा कंपनीकडून आयपी पत्त्याचा तपशील रीतसर मागवावा लागतो, आणि तोही निर्दोष असेलच असे नाही. ऑर्कुटवरील छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराप्रकरणी पुणे पोलिसांनी २००७मध्ये बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली होती. इंटरनेट कंपनीने पुरवलेला तपशीलच चुकीचा निघाला. त्या निरपराध तरुणाने ५० दिवस येरवडा कारागृहात काढले.