वाऱ्याच्या विजेचं आजोळ

कर्जत आणि खालापूर (कर्जत रायगडातलं, नगरचं नव्हे) या दोन तालुक्यांत पवनऊर्जेचा मोठा प्रकल्प नाही आणि व्हायचं कारणही नाही. मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीपाशी अडतो, वर चढतो, चढता चढता पाणी टाकून देतो आणि माथ्यावर पोचल्यावर पठारावरून सुसाट सुटतो. पाऊस घाटाच्या तोंडाशी, वारा माथ्यावर आणि त्यापलीकडे, अशी सरळ वाटणी आहे. म्हणून पवनचक्क्या साताऱ्यात वनकुसवड्याला आणि चाळकेवाडीला, नगरमध्ये सुप्याला, धुळ्यात ब्राह्मणवेलला. एवढं असूनही माझं म्हणणं असं, की नवी पवनचक्की विजेच्या जाळ्याला जोडायच्या विद्येची कुळकथा सांगायची तर ती खालापूर तालुक्यातल्या खोपोलीपासून सांगावी लागते.

हे ऐकून पवनऊर्जेतला माणूस हसेल. त्याच्या दृष्टीने जोडणी म्हणजे लोखंड, तांबं आणि परवानग्या. चक्कीत साधारण 690 व्होल्टची वीज तयार होते, बुडाशी असलेला ट्रान्सफॉर्मर ती 33 हजार व्होल्टवर नेतो, दहा-वीस चक्क्यांच्या लाइनी एका पूलिंग सबस्टेशनात येतात, तिथून 132 किंवा 220 केव्हीवर चढून वीज महापारेषणच्या सबस्टेशनातल्या नेमून दिलेल्या बेमध्ये, म्हणजे जोडणीच्या खणात, शिरते, मीटर फिरतो, काम झालं. पण हे झालं वायर जोडणं. वारा पडला तर काय, हा जोडणीतला खरा प्रश्न. त्या क्षणी गिरणी थांबत नाही, दिवा विझत नाही, कारण दुसरीकडे कोणीतरी तेवढीच वीज चढवतो. हा ‘दुसरा’ कुठून आला, ते मला शोधायचं होतं.

पवनचक्कीची नेहमीची वंशावळ इथे उपयोगी पडत नाही. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथने 1887 साली चक्कीवर घरचा दिवा लावला, 1888 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रशने आपल्या बंगल्यासाठी मोठी चक्की उभी केली, 1891 पासून डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर प्रयोग करत राहिला. मोठी माणसं, पण पहिल्या दोघांनी वाऱ्याची वीज बॅटरीत कोंडली, आणि ला कूरने तिच्यापासून हायड्रोजन काढून साठवला. जाळं नव्हतंच, तर जोडणार कशाला? 1931 साली क्रिमियात बालाक्लाव्याजवळ सोव्हिएत इंजिनिअरांनी 100 किलोवॉटची चक्की लाइनीला जोडली. ती झाली जोडणी, पण लहान.

दुवा सापडतो तो पुढच्या माणसात. पामर पटनम हा अमेरिकन इंजिनिअर. 1941 च्या ऑक्टोबरात व्हरमाँट राज्यातल्या ग्रँडपाज नॉब नावाच्या टेकडीवर त्याची सव्वा मेगावॉटची चक्की सेंट्रल व्हरमाँट कंपनीच्या लाइनीला जोडली गेली. मेगावॉटच्या घरात गेलेली ही जगातली पहिलीच. 26 मार्च 1945 रोजी तिचं पातं तुटलं आणि प्रकल्प संपला. पवनऊर्जेच्या पुस्तकांत पात्याची गोष्ट चवीने येते. मला रस आहे तो ही कंपनी का निवडली यात. तिच्याकडे जलविद्युत केंद्रं होती. वारा वाहील तेव्हा चक्कीची वीज घ्यायची आणि धरणातलं पाणी राखायचं, वारा पडला की राखलेलं पाणी सोडायचं, असा पटनमचा हिशेब होता. वाऱ्याची खरी बॅटरी म्हणजे डोंगरावर अडवलेलं पाणी, हे त्याने ओळखलं. आज डेन्मार्कही तेच करतो: वारा जास्त झाला की वीज समुद्राखालच्या केबलने नॉर्वेला जाते आणि नॉर्वेची तळी तेवढी भरलेली राहतात. अशी पहिली केबल 1970 च्या दशकातली.

मग प्रश्न उरतो, हे राखून ठेवलेलं पाणी आधी कोणी जमवलं? आपल्याकडे त्याचं उत्तर बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला आहे.

डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या मुंबईतल्या इंजिनिअरने लोणावळ्याच्या पाण्यावर वीज करायची कल्पना मांडली, जमशेटजी टाटांनी ती उचलली. 1904 मध्ये जमशेटजी गेले, काम मुलांनी पुढे नेलं. 1910 मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली, फेब्रुवारी 1911 मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी 1915 मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी वीज सुरू केली. खोपोली ते परळ, साधारण 70 किलोमीटर, एक लाख व्होल्टची लाइन. परळहून ती गिरण्यांना. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं, इथे विस्तार नको.

पण मुंबईच्या गिरणीला वीज बाराही महिने हवी आणि लोणावळ्याला पाऊस चारच महिने, या अडचणीकडे नीट बघा. आजच्या पवनचक्कीची अडचण तीच आहे, अक्षरशः तीच. महाराष्ट्रात वाऱ्याची बहुतांश वीज जून ते सप्टेंबरात येते, कारण तो वारा आणि तो पाऊस एकाच मोसमाची लेकरं. खोपोलीकरांनी उपाय काय केला? वळवण, लोणावळा आणि शिरोता ही तीन तळी बांधली, चार महिन्यांची कमाई अडवून ठेवली आणि लागेल तशी खर्चली.

ही कमाई केवढी, तेही मोजता येतं. माथ्यावरून खोपोलीच्या वीजघरापर्यंत पाणी सुमारे 525 मीटर उतरतं. म्हणून खोपोलीच्या जुन्या रस्त्यावरून वर पाहिलं की डोंगराला चिकटून खाली आलेले ते जाड लोखंडी नळ दिसतात. एवढ्या उंचीवरून एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी खाली आलं की साधारण 1.2 युनिट वीज मिळते. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर म्हणजे 12 युनिट, एखाद्या घराची दोन-तीन दिवसांची सोय. आता उलटं करा. दोन मेगावॉटची पवनचक्की पूर्ण वाऱ्यात तासभर फिरली तर 2,000 युनिट देते. तेवढ्या तासात खोपोलीने सुमारे 1,650 घनमीटर पाणी, म्हणजे असे 165 टँकर, वळवणात राखले. तास संपताच वारा पडला तर तेच 165 टँकर सोडायचे. वाऱ्याची वीज तळ्यात ठेवली आणि काढली, एवढाच याचा अर्थ, आणि हिशेब कोणालाही करता येतो.

गंमत म्हणजे राज्यात पवनचक्क्या वाढू लागल्या तेव्हा कागदावर हीच व्यवस्था आली. पावसाळ्यात चक्कीने दिलेले युनिट वीज मंडळाकडे ‘बँक’ करायचे आणि पुढे वापरायचे, अशी सोय उत्पादकांना मिळाली; नंतर तिची मुदत आखडत गेली. मंडळाच्या कार्यालयात युनिट कुठे ठेवतात? कपाटात नाहीत. ते कोणत्या ना कोणत्या धरणात पाणी म्हणून किंवा औष्णिक केंद्राच्या आवारात न जळलेला कोळसा म्हणून राहतात. बँकिंगचा नियम लिहिणाऱ्यांनी खोपोलीचा नकाशा समोर ठेवला असेल असं मी म्हणत नाही. पण पावसाळ्याची कमाई वर्षभर पुरवायची सवय या राज्यातल्या विजेच्या व्यवहाराला 1915 पासून आहे, आणि सवयी नियमांत उतरतातच.

प्रतिस्पर्धी दावेदार दोन आहेत.

पहिला शिवनसमुद्र. म्हैसूर संस्थानात कावेरीच्या धबधब्यावर 1902 मध्ये वीजघर झालं आणि तिथून सुमारे 147 किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली. खोपोलीच्या तेरा वर्षं आधी, अंतर दुपटीहून जास्त. लाइनीच्या इतिहासात शिवनसमुद्र थोरला, हे मान्य. पण तिथे वीज नदीच्या वाहत्या पाण्यावर होती. उन्हाळ्यात कावेरी ओसरली की खाणींची वीज घटायची, आणि म्हणून 1911 मध्ये कृष्णराजसागराचं बांधकाम हाती घ्यावं लागलं. म्हणजे म्हैसूरने आधी लाइन टाकली आणि तळ्याचं मागाहून पाहिलं. खोपोलीने तळं आणि लाइन एकाच नकाशात मांडली. पवनचक्कीवाल्याला शिकायचं आहे ते दुसरं.

दुसरा दावेदार कोयना, आणि तो भारी आहे. वनकुसवड्याचं पठार पाटण तालुक्यात, कोयना धरणही पाटण तालुक्यात. 1962 पासून वीज देणारं हे केंद्र वाढत वाढत 1,960 मेगावॉटवर गेलं. खोपोलीची आजची क्षमता 72 मेगावॉट. साताऱ्याचा वारा पडला की राज्याला सावरण्यात कोयनेचा वाटा मोठा, खोपोलीचा नव्हे. रोजच्या राबण्याचा मान कोयनेलाच द्यायला हवा. पण कुळ विचाराल तर कोयनेचा सगळा आराखडा खोपोलीचा: पूर्वेला जाणाऱ्या नदीचं पाणी घाटमाथ्यावर अडवायचं, पश्चिमेला कोकणात सोडायचं, उताराची वीज करायची आणि लांबच्या गिऱ्हाइकाला द्यायची. तिथे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी वाशिष्ठीत जातं, इथे इंद्रायणीचं पाताळगंगेत. मधल्या काळात याच नकाशावर आणखी दोन घरं झाली: कर्जत तालुक्यात 1922 मध्ये भिवपुरी आणि दक्षिणेला 1927 मध्ये भिरा.

आता माझ्या सिद्धांताला खरा टोला देणारा आक्षेप. वारा आणि पाऊस एकाच वेळी येत असतील तर तळं राखणार कसं? जूनमध्ये ठीक, तळी रिकामी असतात, वाऱ्याची वीज घेऊन पाणी साठू द्या. पण ऑगस्टात तळी काठोकाठ भरली की पाणी राखायला जागा नाही. वीजघर चालवा नाहीतर सांडव्यावरून सोडा. नेमका तेव्हाच साताऱ्याचा वारा जोरात. दोघे एका ताटात जेवायला बसल्यासारखं होतं. खोपोलीच्या मूळ आराखड्यात याचं उत्तर नाही.

उत्तर याच घराण्यात पुढे निघालं. भिऱ्याला 1990 च्या दशकात 150 मेगावॉटचा उलटा चालणारा संच बसला: वीज जास्त झाली की खालचं पाणी वर चढवायचं, कमी पडली की तेच खाली सोडायचं. यात नवं पाणी लागत नाही, तेच पाणी वरखाली करतं. ऑगस्ट 2023 मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात असेच आणखी दोन प्रकल्प उभारण्याचा सामंजस्य करार झाला: शिरोत्याला 1,800 मेगावॉट आणि भिवपुरीला 1,000 मेगावॉट, खर्च सुमारे 13,000 कोटी रुपये. दोन्ही नावं पुन्हा त्याच जुन्या नकाशावरची. खंडाळ्याचा तो कडा शंभर वर्षांपूर्वी पावसासाठी उपयोगी पडला, आता वाऱ्यासाठी आणि उन्हासाठी पडेल. माझ्या मते इथेच वाद मिटतो.

जोडणीचं आणखी एक कलम आहे. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच पवनचक्क्यांची जनित्रं अशी होती, की लाइन आधी जिवंत असल्याशिवाय ती वीज देऊच शकत नसत. चुंबकत्व उभं करायलाही त्यांना लाइनीकडूनच काही घ्यावं लागे. नव्या चक्क्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आलं, तरी बहुतेकींना आजही जिवंत जाळं आधी लागतं. सगळं जाळं अंधारात गेलं तर आधी उठतं कोण? पाण्याचा संच. झडप उघडायला थोडी वीज पुरते, चाक फिरतं, लाइन पुन्हा जागी होते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई तासन्‌तास बंद पडली, तेव्हा जवळपास उठवता येणारे संच असणं म्हणजे काय हे शहराला कळलं. पवनचक्कीला लाइन लागते आणि मेलेल्या लाइनीला पाणी लागतं, हा क्रम बदललेला नाही.

या कुळकथेची एक कटू शाखाही आहे. तळी बुडवतात. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 ते 1924 सत्याग्रह झाला, तो याच टाटा योजनेविरुद्ध. गेलेली गावं परत आली नाहीत. आणि पूर्वेचं पाणी पश्चिमेला का, हा भीमा खोऱ्यातल्या लोकांचा प्रश्न आजही उभा आहे.

उलट कर्जतमध्ये त्याच पाण्यावर लोक जगतात. भिवपुरीतून वीज करून सुटलेलं पाणी पेज नदीला येतं, म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते. राजनाला या कालव्यावर उन्हाळी भात होतो, आणि पुढे उल्हासच्या काठची शहरं तेच पितात. आता समजा, दुपारी सौर वीज स्वस्त म्हणून भिवपुरीचे संच थांबवले आणि संध्याकाळी एकदम सोडले. वीज खात्याचा हिशेब सुटेल, पण राजनाल्यावरच्या शेतकऱ्याला चिखलणी करायला दुपारी पाणी नसेल. वाऱ्याने तेवढी अडचण होणार नाही, कारण वारा पावसाळ्यात येतो आणि तेव्हा पेज नाहीतरी दुथडी भरलेली असते. अडचण उन्हाळ्यातल्या सौर विजेची. म्हणून पुढची पवनचक्की किंवा सौर प्रकल्प जोडताना करारात बे क्रमांक आणि मेगावॉट लिहिले की भागलं, असं समजू नये. कोणत्या तळ्यात किती पाणी राखायचं आणि ते कोणत्या वेळी सोडायचं, हाही त्या जोडणीचाच भाग आहे, आणि तो ठरवताना टेबलाशी कर्जतचा शेतकरी बसवायला हवा.