धूम्रपानाचा त्याग : निश्चयानें कीं औषधानें ?

तंबाखू आपल्याकडील बादशाही दरबारांत आली ती औषध म्हणून आली, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. युरोपांतहि तसेंच झालें होतें. इ. स. १५६० च्या सुमारास झां निको या फ्रेंच वकिलानें पोर्तुगालहून ही वनस्पति आपल्या राजमातेकडे डोकेदुखीवरील उपाय म्हणून धाडली, आणि त्याच्याच नांवावरून तंबाखूंतील विषाला पुढें निकोटिन हें नांव पडलें. इकडे आपल्या दक्षिणेंत पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली तंबाखू विजापूरच्या दरबारांत चांगलीच रुळली होती. अकबर बादशहाचा वकील असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून परत गेला, तेव्हां त्यानें बरोबर तंबाखू आणि रत्नें जडविलेली एक सुंदर नळी नेली. त्यानें ह्या प्रसंगाची हकीकत स्वतःच लिहून ठेवलेली आहे. बादशहानें हें काय आहे असें विचारलें असतां एका सरदारानें, ही मक्का-मदिनेंतहि माहीत असलेली तंबाखू असून आपणांसाठीं औषध म्हणून आणली आहे, असें सांगितलें. अकबरानें दोन-तीन झुरके घेतले. दरबारच्या हकिमानें त्यास अधिक ओढूं दिलें नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं न पारखलेली वस्तु केवळ फिरंगी वापरतात म्हणून घ्यावी कशाला, असा त्याचा प्रश्न होता. असद बेगानें उत्तर दिलें कीं, जगांतील प्रत्येक चाल केव्हां ना केव्हां नवीनच होती. वादांत तो जिंकला असें त्याचें म्हणणें ! अकबरानें स्वतः ती संवय लावून घेतली नाहीं, परंतु सरदारमंडळींनीं उचलली आणि व्यापाऱ्यांनीं बाजारांत आणली.

पुढें बारा-तेरा वर्षांतच, म्हणजे १६१७ सालीं, जहांगीरानें तंबाखूवर बंदी घातली. इराणच्या शहा अब्बासानेंहि आपल्या राज्यांत तशीच मनाई केली होती. आणि येथें इतिहास मोठा मौजेचा आहे. जहांगीराचा इराणांतील वकील खान आलम हा तंबाखूवांचून क्षणभरहि राहूं शकत नसे. ही गोष्ट शहाच्या कानीं घातली गेली, तेव्हां त्यानें काव्यमय शब्दांत उत्तर देऊन त्या पाहुण्यापुरती आपली मनाई सैल केली. जहांगीरानें स्वतःच्या रोजनिशींत हें नमूद केलें आहे. दोन बलाढ्य बादशहांचे हुकूम एका बाजूस आणि एका माणसाच्या शरीराची ओढ दुसऱ्या बाजूस. जिंकली ती ओढ. खान आलम हा कांहीं दुबळा मनुष्य नव्हता. परदरबारीं वकिलात करण्यास निवडलेला तो मातबर सरदार होता. आज ज्यास आपण 'मनाचा निश्चय नाहीं' म्हणून हिणवितों, त्याची बाजू ह्या चारशें वर्षांपूर्वींच्या नोंदींत पहिल्यानें दिसते असें मला वाटतें.

'व्यसन' हा शब्दच पाहा. आज आपण तो वाईट खोड ह्या अर्थानें वापरतों. संस्कृतांत त्याचा एक अर्थ संकट असा आहे, आणि कौटिल्यानें राज्यावर येणाऱ्या व्यसनांचें एक स्वतंत्र अधिकरण लिहिलें आहे तें ह्याच अर्थीं. खोड असलेल्या मुलास आम्ही मास्तर लोक छडी दाखवीत होतों. संकटांत सांपडलेल्या माणसास छडी दाखवून भागत नाहीं. चरकसंहितेंत धूमपानाचा विधि आहे खरा, आणि विडी ओढणारे कित्येक सुशिक्षित तो मोठ्या हौसेनें पुढें करितात. परंतु तेथें औषधी वनस्पतींच्या वर्ती आहेत, दिवसाच्या आठ नेमलेल्या वेळा आहेत. तंबाखूचा तेथें मागमूसहि नाहीं, कारण ती अमेरिकेंतून यावयाची होती. ह्या मंडळींनीं चरकाचेंच दुसरें एक प्रकरण वाचावें. तेथें अहितकर संवय एकदम न तोडतां चौथ्या-चौथ्या हिश्शानें, मध्यें एक, दोन, तीन दिवसांचें अंतर ठेवून कमी करीत न्यावी असें सांगितलें आहे. म्हणजे संवयीचें मूळ शरीरांत असतें व तिला शरीराच्या कलानें काढावें लागतें, ही समज आपल्याकडे जुनीच आहे. मध्यंतरीं आपण ती विसरलों.

आपल्या समाजांत सोडण्याची रीत म्हणजे शपथ. आषाढी एकादशीस, पाडव्यास, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून विडी सोडायची. 'सोडली म्हणजे सोडली' असें छातीवर हात मारून सांगणारे पुरुष प्रत्येक घराण्यांत असतात, आणि त्यांतले कांहीं खरोखरच सोडतात. त्यांना माझा नमस्कार. परंतु ज्यांची शपथ चौथ्या दिवशीं मोडते त्यांचें काय ? ते शपथ मोडल्याचें पाप डोक्यावर घेतात, घरांतल्यांची नजर चुकवूं लागतात, आणि पूर्वीपेक्षां अधिक ओढूं लागतात.

चौथ्याच दिवशीं कां ? ह्याचें उत्तर रसायनशास्त्रानें दिलें. १८२८ सालीं हायडेलबर्ग येथें पोसेल्ट व राइमान ह्या दोघांनीं तंबाखूंतून निकोटिन वेगळें काढलें. धुराबरोबर हें द्रव्य फुप्फुसांतून अवघ्या दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोंचतें. शिरेंत टोंचलेलें औषधहि इतक्या लवकर पोहोंचत नाहीं. मेंदूंत त्याला बसावयास जागा असतात, आणि रोज ओढणाऱ्याच्या मेंदूंत त्या जागांची संख्या वाढत जाते. दोन तासांत रक्तांतील निकोटिन निम्म्यावर येतें, आणि त्या सर्व रिकाम्या जागा एकदम मागणी करूं लागतात. चिडचिड, झोंप न येणें, चित्त थाऱ्यावर नसणें, भूक वाढणें हीं लक्षणें पहिल्या तीन-चार दिवसांत शिगेला पोहोंचतात व तीन-चार आठवड्यांत ओसरतात. सकाळीं उठल्यावर पहिली विडी किती मिनिटांत पेटवितां, हा एक साधा प्रश्न विचारून स्वीडनमधील फागेरस्ट्रोम ह्या शास्त्रज्ञाच्या १९७८ सालच्या प्रश्नावलीपासून ओढीची तीव्रता मोजतात. पांच मिनिटांच्या आंत ज्याला विडी लागते, त्याला नुसता उपदेश करणें म्हणजे तापानें फणफणलेल्यास थंड राहा म्हणून सांगणें होय.

आश्चर्य असें कीं, शास्त्रज्ञांनासुद्धां हें मान्य करावयास फार वेळ लागला. अमेरिकन सरकारच्या १९६४ सालच्या सुप्रसिद्ध अहवालानें धूम्रपानानें कर्करोग होतो असें ठणकावून सांगितलें, परंतु तंबाखूला 'व्यसन' न म्हणतां 'संवय' म्हटलें. १९८८ सालच्या अहवालांत मात्र निकोटिन हेरॉइन-कोकेनप्रमाणेंच मनुष्यास बांधून ठेवतें असा स्पष्ट निर्णय दिला. ह्या दोहोंच्या मधलीं चोवीस वर्षें, सोडतां न येणारा मनुष्य अधिकृतपणेंच मनाचा कच्चा ठरत होता.

ह्या इतिहासांत आपल्या मुंबईचा वांटा थोर आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचें दार १९४१ सालीं उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर, संघवी व राव ह्यांनीं मुंबईच्या रोग्यांवरून तंबाखू खाणें व ओढणें आणि तोंडाचा-घशाचा कर्करोग ह्यांचा संबंध १९५५ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें मांडला. ज्या नियतकालिकांत १९५० सालीं डॉल व हिल ह्यांनीं सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध मांडला, तेंच हें नियतकालिक. पुढें महाराष्ट्रांतल्या एक लक्षाहून अधिक खेडूतांचीं तोंडें तपासून केलेला अभ्यास १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. आणि विडी ही सिगारेटीपेक्षां सौम्य, 'नुसतें पान आहे तें', हा जो आपल्याकडील लाडका समज, तोहि मुंबईतच मोडला. १९९१ पासून सुमारें एक लक्ष मुंबईकरांवर जी नजर ठेवली गेली, तिचे निष्कर्ष २००५ सालीं निघाले. न ओढणाऱ्यांच्या मानानें सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचें प्रमाण १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट आढळलें.

आतां औषधांकडे वळूं. पहिली धडपड लोबेलिया नांवाच्या वनस्पतीपासून काढलेल्या द्रव्याची. त्याच्या गोळ्या १९३० नंतरच्या दशकांत निघाल्या व बरींच वर्षें खपल्या; गुण सिद्ध न झाल्यानें अमेरिकेंत १९९३ सालीं त्या बाजारांतून काढण्यांत आल्या. खरी वाट सांपडली ती स्वीडनमध्यें. पाणबुडींत धूम्रपानास बंदी असे, आणि तेथले खलाशी त्या काळापुरती तोंडांत धरावयाची तंबाखू वापरून वेळ निभावून नेत, हें एका शरीरशास्त्रज्ञाच्या नजरेस आलें. त्यानें १९६७ सालीं तें ओव्ह फेर्नो ह्या औषधरचनाकारास कळविलें. फेर्नो स्वतः दांडगा धूम्रपानी होता. धूर टाळून केवळ निकोटिन थोडथोडें द्यावें ह्या कल्पनेनें त्यानें चघळण्याचा डिंक बनविला, आणि १९७८ सालीं स्वित्झर्लंडांत त्यास मान्यता मिळाली. पुढें त्वचेवर चिकटवावयाच्या पट्ट्या आल्या. चरकाचा चतुर्थांशाचा मार्ग नव्या रूपानें परत आला असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

बुप्रोपिऑन हें मुळांत उदासीनतेवरचें औषध. तें घेणाऱ्या कित्येकांची सिगारेट आपोआप सुटते, असें अमेरिकेंतील लिंडा फेरी ह्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षांत आलें व १९९७ सालीं तें ह्या कामासाठीं मान्य झालें. तिसऱ्या औषधाची कथा युद्धांतली आहे. दुसऱ्या महायुद्धांत तंबाखू मिळेना तेव्हां रशियन शिपाई लॅबर्नम वृक्षाचीं पानें ओढीत. त्या झाडांत सायटिसिन नांवाचें द्रव्य असतें, तें निकोटिनच्याच जागीं जाऊन बसतें. १९६४ सालीं बल्गेरियानें त्याच्या गोळ्या काढल्या. पश्चिमेकडे चाळीस वर्षें त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलें नाहीं. अखेर त्याच धर्तीवर व्हॅरेनिक्लिन तयार होऊन २००६ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. हें औषध म्हणजे कुलपांत अर्धीच फिरणारी किल्ली आहे: मेंदूची मागणी थोडी भागवितें, आणि त्याच वेळीं खऱ्या किल्लीला आंत शिरूं देत नाहीं. म्हणून ह्या काळांत ओढलेली सिगारेट फिकी लागते. मूळ कंपनीनें अशुद्धतेच्या कारणावरून २०२१ सालीं आपला माल परत घेतला; इतर उत्पादकांचा चालू राहिला.

आमच्या शाळेंत ड्रॉइंग शिकविणारे एक गृहस्थ होते. दिवसास वीस सिगारेटी ओढीत. त्यांनीं पांच वेळां शपथ घेतली, पांचहि वेळां मोडली. अखेर ठाण्यांतल्या एका डॉक्टरांनीं त्यांना ह्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्या. आणि काय सांगूं, ज्या माणसानें तीस वर्षें उघड्यावर सिगारेट ओढली, तो ह्या गोळ्या कंपासपेटींत लपवून ठेवूं लागला ! मला म्हणाले, "गुरुजी, गोळ्या खाऊन सोडली तर ती काय सोडली ?" मी म्हटलें, "मास्तर, चष्मा लावून वाचलें तर तें काय वाचलें नव्हे ?" पहिला आठवडा गोळी आणि सिगारेट दोन्ही चालू असते, आठव्या दिवशीं त्यांनीं शेवटचें पाकीट फेकलें. उपाशीपोटीं गोळी घेतली कीं मळमळे, रात्रीं विलक्षण स्वप्नें पडत. बारा आठवडे पुरे केले. चौथ्या महिन्यांत एका लग्नांत कोणी आग्रह केला आणि एक ओढली. त्या वेळीं मात्र गोळी नव्हती. उठून मांडवाबाहेर पडणें हेंच काय तें हातीं होतें, आणि ते पडले. घरांतलें राख झाडण्याचें भांडें आतां रंग कालवायला वापरतात.

मला म्हणावयाचें तें ह्याच गोष्टींत आहे. पोलंडमध्यें ७४० लोकांवर सायटिसिनचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०११ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षभर ज्यांनीं सिगारेटला स्पर्श केला नाहीं असे औषध घेणाऱ्यांत शेंकडा ८.४ निघाले, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत शेंकडा २.४. औषधानें यश तिपटीहून अधिक वाढविलें, हें पहिलें. परंतु औषध घेऊनहि शंभरांत नव्वदांहून अधिक पुन्हां ओढूं लागले, हेंहि त्याच कागदावर लिहिलें आहे. गोळी पहिल्या कांहीं आठवड्यांचें वादळ सोसण्याजोगें करिते. लग्नाच्या मांडवांतून उठविण्याचें काम ती करीत नाहीं. तसाच निश्चय मांडवांतून उठवितो, पण पहिल्या आठवड्यांतील झोंप परत आणून देत नाहीं. ह्या दोहोंत मान कोणाचा मोठा हा वाद मला निरर्थक वाटतो. मात्र बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन हीं औषधें वैद्याच्या चिठ्ठीनेंच घ्यावयाचीं आहेत. अपस्माराच्या रोग्यास बुप्रोपिऑन चालत नाहीं. व्हॅरेनिक्लिननें मन बिघडतें अशी जी भीति होती, ती आठ हजारांवर लोकांच्या २०१६ सालच्या मोठ्या प्रयोगांत पुष्कळ निवळली, तरी पूर्वीचा मानसिक आजार डॉक्टरांपासून लपवूं नये.

एक खंत मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मी राहतों त्या मानपाड्यांत, घोडबंदर रस्त्याच्या कडेनें, उंच इमारतींवर काम करणारे मजूर सकाळीं नाक्यावर उभे असतात आणि बहुतेकांच्या बोटांत विडी असते. मागें येऊरच्या डोंगराकडील पाड्यांतून आपट्याच्या पानाची विडी वळून ओढण्याची चालहि जुनी. ह्या लोकांस बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत आणि विडीच्या बंडलाची किंमत ह्यांचा हिशेब सांगावा कोणी ? २०२२ सालीं आपल्या सरकारनें आवश्यक औषधांच्या यादींत निकोटिनच्या पर्यायी औषधांचा समावेश केला, हें चांगलेंच झालें. पण यादींतून तें पाड्यावरच्या दवाखान्याच्या फडताळांत पोहोंचलें पाहिजे. तोंवर निदान बोलण्यास तरी पैसे पडत नाहींत. १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनि २०१६ पासून सोडूं इच्छिणाऱ्यांस सल्ला देतो, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवरच छापण्याची सक्ति झाली. नाक्यावरच्या ज्या मजुरास वाचतां येत नाहीं, त्याला तो वाचून दाखवावयास घरांतलें शाळेंत जाणारें मूल पुरे आहे.