नामदेव ढसाळ : पुरुषपण, धर्म आणि विध्वंसाची भाषा

नामदेव लक्ष्मण ढसाळ (१५ फेब्रुवारी १९४९ – १५ जानेवारी २०१४) हे मराठीतील विद्रोही कवी आणि दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक. जन्म पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातला, वाढ मुंबईच्या कामाठीपुरा परिसरातली. तरुणपणी त्यांनी टॅक्सी चालवली. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह त्यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. त्याच वर्षी राजा ढाले, ज. वि. पवार आदींबरोबर त्यांनी पँथर उभी केली.

विध्वंस आणि समता
‘गोलपिठा’तील ‘माणसाने’ ही कविता जगाच्या अंताची कविता म्हणून वाचता येते. आधी सगळे मोडायचे, जाळायचे. मंदिर, मशीद, चर्च कुणालाच सूट नाही. बुद्धाचे नावही त्या यादीत येते. त्यानंतर उरलेल्यांनी कुणाला गुलाम करू नये, लुटू नये आणि माणसाचेच गाणे गावे, असा शेवट आहे. म्हणजे समता आहे, पण ती राखेनंतर.

धर्माचा प्रश्न
१९७३ च्या पँथर जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांना सामावून घेतले. ढसाळांची मांडणी मार्क्सवादाकडे झुकते, हा राजा ढालेंचा आक्षेप होता. त्यांचा भर बुद्ध-आंबेडकरी विचारावर होता. १९७४ मध्ये संघटना फुटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली होती. ध्येयात साम्य असले तरी मार्ग वेगळे आहेत. बुद्धाचा मार्ग हिंसेचा नसून मन बदलण्याचा आहे, हे त्यांचे सूत्र. ‘माणसाने’ वाचताना हा फरक आपण समोर ठेवला पाहिजे.

पुरुषपण
ढसाळांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना मराठी कवितेच्या मध्यभागी आणले. ‘मंदाकिनी पाटील’ ही कविता त्याची साक्ष आहे. पण त्यांच्या पत्नी, कवयित्री मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ मध्ये आले. शाहीर अमर शेख यांच्या या मुलीने त्यात संसारातील मारहाण आणि अवहेलना उघडपणे लिहिली. कवीला जग उद्ध्वस्त करायचे होते. घरात कोण उद्ध्वस्त होत होते, ते या पुस्तकाने सांगितले.

राजकीय वळणे
१९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, इंदिरा गांधींवरील ‘प्रियदर्शिनी’ आली. पुढे ते शिवसेनेच्या जवळ गेले. १९९९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या वळणांवर चळवळीत आजही वाद आहे.

आज का वाचावे?
आमच्या रेडीसारख्या खाणीच्या गावात असो वा मुंबईच्या वस्तीत, संतापलेल्या तरुणाला ढसाळ लगेच आपले वाटतात. तो संताप खरा आहे, त्याची कारणेही खरी आहेत. मात्र मर्दानगी म्हणजे क्रांती नव्हे. पंचशील घराच्या उंबऱ्याच्या आतही लागू होते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : ‘गोलपिठा’ वाचा, आणि त्याच्याच शेजारी मलिकाताईंचे पुस्तकही ठेवा. चळवळीला दोन्हींची गरज आहे.