लाईन लागायला किती वेळ?

बमरोलीत आम्ही आलो ते लूमच्या कामासाठी. उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी धरली की नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर काही तासांवर. निरोपाचं मात्र तसं नव्हतं. ट्रंककॉल साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असा तीन प्रकारे बुक होई. अर्जंटला दुप्पट दर, लाइटनिंगला आठपट. जादा पैसे बोलण्याचे नव्हते, लाईन लवकर लागण्याचे होते. तार उशिरा मिळाली म्हणून बापाच्या मयताला न पोहोचता थेट दहाव्याला पोहोचलेली माणसं आपल्यात आजही आहेत.

थेट नंबर फिरवण्याची एसटीडी सोय देशात १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली. आमच्या हाती ती आली पिवळ्या बूथांमुळे, पुष्कळ वर्षांनी. रात्री उशिरा दर उतरले की पाळी सुटलेल्यांची रांग लागे.

१५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट आलं, तेव्हा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, म्हणजे एक एमबीचा फोटो यायला सुमारे १४ मिनिटं. आज ती अडचण राहिली नाही. लाईन लागण्याचा वेळ मात्र अजूनही आहे, फक्त तो आपल्याला दिसत नाही. फोन पान मागण्याआधी पलीकडच्या यंत्राला विचारतो, ‘बोलू का?’ उत्तर आलं की कुलूप-किल्लीची देवाणघेवाण. जुन्या रीतीत यासाठी तीन फेऱ्या होत. २०१८च्या नव्या कुलपाने त्या दोनवर आल्या. २०२१मध्ये प्रमाण ठरलेल्या ‘क्विक’ने विचारणं आणि कुलूप एकत्र केलं, आता एकच फेरी. एका फेरीला शंभर मिलिसेकंद धरा, तर तीनशेचे शंभर झाले. सिग्नल कमी असलेल्या गावात हा फरक चांगलाच जाणवतो.

पत्त्यांची गोष्ट वेगळी. १९८१च्या आयपीव्ही४मध्ये पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरेनात, म्हणून एका पत्त्यावर अख्खी चाळ राहू लागली आणि दारातला माणूस टपाल वाटू लागला. आयपीव्ही६मध्ये ज्याला त्याला स्वतःचा पत्ता, मधला माणूस नको. पाकिटावरचा मजकूर मात्र दुप्पट, २०ऐवजी ४० बाइट. तरीही २०२०मध्ये ॲपलने सांगितलं की आयपीव्ही६वर जोडणी १.४ पट लवकर होते. तार आणि टॉवर तेच, त्यामुळे यानं सिनेमा दीडपट वेगानं उतरेल असं कुणी सांगितलं तर मानू नका. २०१६ला स्वस्त फोर-जी आल्यापासून देशातल्या मोबाइलवर हा नवा पत्ता झपाट्याने पसरला, आणि आपल्यापैकी कुणाला कळलंही नाही.

बरेच फोन आता दोन्ही पत्ते आजमावतात. नव्याला सुमारे पाव सेकंदाची आघाडी देतात, आणि जो आधी लागेल तो घेतात. यंदा गावाकडच्या आरतीचा व्हिडिओ उघडाल, तेव्हा पहिली झांज ऐकू येण्याआधीच ही शर्यत संपलेली असेल.