डेमलोचा मनोरा

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि मग हळूहळू चिंचवड, भोसरी, चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले. तेव्हापासून आमच्या या मुलखात माणसाच्या नावाआधी त्याचा तिकीट नंबर विचारतात. मीही त्यातलाच, आकडा म्हणजे हजेरी नाहीतर माप, एवढीच माझी ओळख. पण एक सतरा अंकी आकडा मात्र मला बिनकामाचा असूनही आवडतो: १२३४५६७८९८७६५४३२१.

नऊ एक्के ओळीने मांडावे आणि त्या संख्येला तिनेच गुणावे, की हा मनोरा उभा राहतो. यात जादू नाही. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. कडेच्या उभ्या घरात एकच एक्का पडतो, मधल्या घरात नऊ. हातचा कोठेच येत नाही.

असल्या संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनावर ही कल्पना त्यांना सुचली, म्हणून हे नाव. गाडीची वाट पाहताना आपण घड्याळाकडे पाहतो. ज्याचा त्याचा स्वभाव!

कापरेकर १९०५ साली डहाणूस जन्मले. फर्ग्युसनमध्ये असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत मास्तर होते. बी. एस्सी.वरची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. आपल्याकडच्या पंडितांपैकी अनेकांनी त्यांचे काम पोरखेळात काढले. मला हा न्याय कोता वाटतो. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ६१७४ या आकड्याचे शोधक जगाला ठाऊक झाले. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, त्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. आपला मनोरा हर्षद आहे काय? अंकांची बेरीज ८१. नऊ एक्क्यांना ९ ने भाग जातो आणि १२३४५६७९ उरतात. म्हणून त्यांच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच. मनोरा हर्षद ठरला! त्याचा धाकटा भाऊ १२१ मात्र नाही: बेरीज ४, आणि ४ ने भाग जात नाही. मनोऱ्याचे मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७, पहिला चार वेळा, उरलेले दोन-दोन वेळा.

दहा एक्के घेतले की मधल्या घरात दहा पडतात, हातचा येतो आणि मनोरा खचतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ नाहीसा झाला, उतरणीवरचा जागच्या जागी आहे. अकरा एक्क्यांचे काय होते, ते फराळाची ताटे उचलल्यावर मुलांनी कागदावर करून पाहावे.