पाचटाचा कोळसा आणि रंगीत सांडपाणी

ऊसतोडणी झाली की पश्चिम महाराष्ट्रात शेतेच्या शेते पेटलेली दिसतात. जळते ते पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. हेक्टरी सुमारे १० टन निघणारे हे पाचट गुरे खात नाहीत, ते लवकर कुजतही नाही. म्हणून शेतकरी काडी लावून मोकळा होतो. हेच पाचट उघड्यावर न जाळता बंद पिंपात तापवले, तर राखेऐवजी कोळसा हाती येतो. या तंत्रासाठी डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेला २००२ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तेथे उद्देश इंधनाचा होता. मात्र वनस्पतिजन्य कचऱ्याचा असा कोळसा, म्हणजेच ‘बायोचार’ अथवा जैवकोळसा, सांडपाण्यातील प्रदूषकेही पकडू शकतो.

कल्पना नवी नाही. लाकडी कोळशाने द्रावणांचा रंग नाहीसा होतो, हे टोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दाखवले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात साखर पांढरीशुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरला जाऊ लागला. आपल्या घरातील पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तो सक्रियित कोळसा हा याच घराण्यातला. बहुधा नारळाच्या करवंटीपासून केलेला. तो वाफेने किंवा रसायनांनी उच्च तापमानाला ‘उघडलेला’ असतो, त्यामुळे त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. जैवकोळशाचे पृष्ठफळ सहसा याहून बरेच कमी असते. त्याची जमेची बाजू म्हणजे स्वस्ताई आणि साधी भट्टी.

हवा जवळजवळ बंद ठेवून ३०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर वनस्पतीतील सेल्युलोज व लिग्निन यांचे ऊष्मीय अपघटन होते. ज्वलनशील वायू व डांबरासारखी द्रव्ये बाहेर पडतात आणि सच्छिद्र कार्बन मागे उरतो. निघणारे वायू भट्टीतच जाळले तर वेगळ्या इंधनाची गरज कमी होते. तापमानाची निवड मात्र विचारपूर्वक करावी लागते. कमी तापमानाच्या कोळशावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट अधिक शिल्लक राहतात व ते शिसे, तांबे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंना धरून ठेवतात. जास्त तापमानाच्या कोळशात छिद्रे अधिक असतात. तो अनेक सेंद्रिय प्रदूषकांसाठी सरस ठरतो. शिवाय कोळशातील राख अल्कधर्मी असल्याने पाण्याचा सामू वाढून काही धातू साक्याच्या रूपाने बाहेर पडतात. या साऱ्या प्रकारांना सरसकट ‘शोषण’ म्हटले जाते. स्पंजात पाणी शिरते तसे मात्र येथे घडत नाही. प्रदूषकाचे रेणू पृष्ठभागावर चिकटतात, आणि याला अधिशोषण म्हणतात.

येथपर्यंत सारे आशादायक. पण प्रयोगशाळेतील आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रंग काढण्याच्या चाचण्यांत मिथिलीन ब्लू हा रंग फार आवडीने वापरला जातो. त्याचा रेणू धनभारित असतो आणि जैवकोळशाचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित. साहजिकच दोघांचे जमते व ‘९० टक्क्यांहून अधिक रंग निघाला’ असा निष्कर्ष येतो. सोलापूर किंवा इचलकरंजीसारख्या सुती कापडाच्या गावांतील प्रश्न वेगळा आहे. सुतावर वापरले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. त्यांतील बराच भाग धाग्यावर न बसता पाण्यात राहतो, सोबत भरपूर मीठ आणि सोडा असतो. या पाण्यात साधा जैवकोळसा फिका पडतो; आणि मीठ तर तो काढतच नाही.

यावर उपाय आहेत. कोळशावर लोह किंवा मॅग्नेशियमच्या क्षारांचा संस्कार केला की फॉस्फेट, आर्सेनेट यांसारखे ऋणभारित घटकही त्याला धरता येतात. चामडे व धातुविलेपन उद्योगांतील घातक षट्‌संयुजी क्रोमियमची गोष्ट रंजक आहे. आम्लधर्मी पाण्यात जैवकोळसा त्याचे कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करतो व मग त्याला धरतो. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात षट्‌संयुजी क्रोमियमची कायदेशीर मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. तेथवर पोचण्यासाठी जैवकोळसा नेहमीच्या प्रक्रियेनंतरची शेवटची पायरी म्हणून ठेवणेच शहाणपणाचे. गाळ आणि तेलकट पाणी थेट त्यावर सोडले तर छिद्रे लगेच बुजतात.

कच्चा मालही निवडून घ्यावा लागतो. उसाचा चोथा फुकटचा समजला जातो, पण साखर कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून वीज करतात. पाचट, विदर्भातील पऱ्हाट्या, तुराट्या यांचा विचार अधिक योग्य. भाताच्या तुसात सिलिकामुळे राख फार असते.

सर्वांत अवघड भाग त्यानंतर येतो. कोळसा भरला की पुढे काय? खरकट्या पाण्यातील फॉस्फेट धरलेला कोळसा तपासणीनंतर शेतात टाकता येतो, तेथे तो खताचे काम करतो. शिसे वा क्रोमियम धरलेला कोळसा शेतात टाकणे म्हणजे नदीतले विष पिकात नेणे. आम्लाने धुऊन तो पुन्हा वापरता येतो, परंतु धुतलेल्या पाण्यात तेच धातू उतरतात. शेवटी असा कोळसा घातक कचरा म्हणून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा लागतो, आणि स्वस्त कोळशाच्या हिशेबात हा खर्च क्वचितच धरलेला असतो.