आजीची गोष्ट: जात्यापासून मोबाइलपर्यंत



माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण गोष्टी अमाप यायच्या. सगळ्या जात्यावर बसून ऐकलेल्या.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. पण रेडिओ महाग, वर परवाना लागायचा. गावात एखाद्याच घरी असे. १९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा शेती आणि गावाच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम एकत्र ऐकायचा, मग चर्चा करायची. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ चुलीपाशी, बांधावर पोचला.

मग कॅसेट आली. आजीच्या आवाजाची आमच्याकडे एकच कॅसेट होती. शाळेत असताना मी तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली. आजी गेली, आवाजही गेला.

आता गोष्टी मोबाइलवर मिळतात, पण जो तो कानात वायर घालून एकटा ऐकतो. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय: बचतीचा हिशोब संपला की एका सासूबाईंची गोष्ट सगळ्यांनी मिळून ऐकायची आणि मोबाइलवर भरून ठेवायची.

तुमच्या घरात गोष्ट सांगणारं कुणी आहे? आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा.